दूध, गॅस आणि आम्ही दोघं

वर्षाअखेर दोघांनीच कुठेतरी जायचं, हे ठरवायला एकदम सोपं. पण फिरायला जाताना बॅगेत कालनिर्णय घेऊन कुणी जातं का? आम्ही गेलो!

‘थर्टीफर्स्टचा काय प्लॅन?’

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये हा प्रश्न सुरू होतो. कुणी गोव्याला चाललेलं असतं, कुणी महाबळेश्वरला. नुकतं लग्न झालेली मंडळी ‘कपल पॅकेज’वाली रिसॉर्ट्स शोधत असतात. म्हणजे बेडवर टॉवेलचे दोन हंस, त्यांच्या मानेचा बदाम, आणि वर गुलाबाच्या पाकळ्या. (त्या पाकळ्या नंतर कोण गोळा करतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. लग्नाला दहा वर्षं झाल्याचं लक्षण, दुसरं काय!)

ही गोष्ट २०२४ च्या डिसेंबरची. मला कुणी प्लॅन विचारला की मी सरळ सांगायचे, ‘झोप.’ लोक हसायचे. मी अजिबात विनोद करत नव्हते.

आमचं घर तसं टिपिकल कोथरूडमधलं. टू बीएचके, मी, नवरा, दुसरीतली लेक आणि सासरे. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा सरकारी खात्यात अकाउंट्सला होते, त्यामुळे रिटायर झाल्यावर त्यांनी घराचं ऑडिट हातात घेतलं. ऑडिटचं रजिस्टर म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं कालनिर्णय. तुमच्याही घरी असेलच. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते सुरू केलं, तेव्हा पंचांग सोप्या भाषेत घरोघरी पोचवावं हा हेतू. पण मराठी घरांनी त्याची केली दुधाची डायरी! तिथी-नक्षत्राच्या शेजारच्या मोकळ्या जागेत दूध किती, बाईंचा खाडा कधी, सिलिंडर कधी लावला, पेपरवाल्याला पैसे दिले का. आमच्याकडे हे सगळं बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात. ‘दूध १॥’. तो दीडचा खास जुना आकडासुद्धा मी त्यांच्याकडूनच शिकले.

आणि दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबा पलंगावर मांडी घालून बसायचे आणि वर्षाचा हिशेब काढायचे. एकूण दूध इतकं लिटर, एक सिलिंडर सरासरी इतके दिवस. त्याचा उपयोग शून्य. पण ३१ तारखेला जेवताना ते आकडे वाचून दाखवायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. आमचा थर्टीफर्स्ट तो.

२०२४ च्या २९ जूनला, शनिवारी रात्री, बाबांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं.

पुढचे सहा महिने कसे गेले हे इथे सविस्तर लिहीत नाही. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून कळत नाही. फिजिओथेरपिस्ट सकाळी आठला, ब्युरोतून येणारे दादा नऊ ते सहा, मग आम्ही. नवरा रात्रीची ड्युटी स्वतःच करायचा. बाबांना कूस बदलायला लावणं, युरिन पॉट, व्यायाम, सगळं. ‘तू झोप, मी बघतो.’ मी म्हणायचे किती गुणी मुलगा! हॉलमध्ये बाबांच्या कॉटशेजारी गादी टाकून तो झोपायला लागला आणि बेडरूममध्ये मी आणि लेक. आमच्यातलं बोलणं म्हणजे ‘औषध दिलं?’, ‘फी भरली?’, ‘डायपर संपत आलेत.’ भांडण नाही, काही नाही. भांडायला दोघांनी एका वेळी जागं असावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला खटकली होती. २००३ ची वर्ल्डकप फायनल हरल्यावर जो माणूस दोन दिवस धड जेवला नव्हता, त्याने क्रिकेट बघणंच बंद केलं होतं. मॅच लागली की रिमोट घेऊन चॅनल बदलायचा. दमला असेल, म्हणून मी सोडून दिलं.

‘तुम्ही दोघंच?’

आयडिया नणंदेची. ताई नाशिकला असतात. नोव्हेंबरमध्ये आल्या होत्या तेव्हा आमच्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुमच्या दोघांची तोंडं बघितलीस का आरशात? डिसेंबरात मी चार दिवस येते. तुम्ही जा कुठेतरी.’ मी ‘नको हो ताई, कसं जमणार’ वगैरे म्हटलं. मनात मात्र आंजर्ल्याचं हॉटेल शोधायलाही लागले होते.

नवरा तयार होईना. बाबांना सोडून कसं जायचं? ताईला जमेल का? रात्री पडले तर? शेवटी बाबांनीच हात हलवला, ‘जा, जा.’ लेकीचा प्रश्न वेगळा होता. ‘तुम्ही दोघंच? मग मी?’ तिला आत्याबरोबर रोज आइस्क्रीमची लाच द्यावी लागली.

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी मला हाक मारली. डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवलं. कालनिर्णय.

‘हिशेब... राहिला,’ ते म्हणाले. एकेक शब्द शोधत. ‘तुम्ही... करा.’

म्हणून ते बॅगेत.

शुक्रवारी, २० डिसेंबरला पहाटे निघालो. मुळशीचं पाणी डावी-उजवीकडून दिसत राहतं, मग ताम्हिणी घाट, खाली माणगाव, पुढे मंडणगड, दापोली आणि आंजर्ले. चहा-नाश्ता धरून साडेपाच-सहा तास लागतात. पावसाळ्यात ताम्हिणीत धबधब्यांपेक्षा गाड्या जास्त असतात, डिसेंबरात मात्र घाट रिकामा आणि गार. पहिले दोन तास आम्ही काय बोललो सांगू? बाबांच्या बीपीच्या गोळ्या. माणगावला मिसळ खाताना त्याने तीन वेळा ताईंना फोन केला. चौथ्यांदा ताईंनीच उचलला नाही. शहाण्या आहेत.

आंजर्ले म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, अरुंद रस्ता, आणि वाडीच्या शेवटी एकदम समुद्र. पूर्वी हर्णैच्या बाजूने यायचं तर खाडी होडीने पार करावी लागायची. आता पूल झालाय. आम्ही उतरलो ते एका घरगुती निवासात. टॉवेलचे हंस नव्हते. झोपाळा होता. काकूंनी दुपारी कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी वाढली. जेवून आम्ही जे झोपलो ते संध्याकाळी उशिराच उठलो. सूर्यास्त चुकला! ज्यासाठी लोक गाड्या हाकत कोकणात जातात तो सूर्यास्त आम्ही चक्क झोपून काढला. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

शनिवारी सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. डोंगरावरचं पांढरंशुभ्र देऊळ, अठराव्या शतकात बांधलेलं, आणि आतला गणपती उजव्या सोंडेचा. देवळाच्या आवारातून खाली नारळाची दाट झाडी आणि लांब समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. नवरा बराच वेळ गाभाऱ्यासमोर उभा होता. तो तसा देव-देव करणारा नाही. मी काही विचारलं नाही.

संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव बघितला. जायचंच असेल तर हा चुकवू नका. पण चांगले बूट घालून जाऊ नका, हा फुकटचा सल्ला. ओल्या वाळूत माशांचे ढीग, भोवती गर्दी, आणि एका दमात वर चढत जाणारे आकडे. आपल्याला कळेपर्यंत माल विकला गेलेला असतो. तिथेच एका खानावळीत सुरमई खाल्ली. नवरा पहिल्यांदा हसला. मी म्हटलं, चला, पैसे वसूल!

बारा पानं

रात्री अंगणात बसलो. गार वारा, समुद्राचा आवाज. खरं तर मोबाइल काढून रील्स बघायचीच वेळ. पण तो आत जाऊन कालनिर्णय घेऊन आला. ‘चल, बाबांचं काम करून टाकू.’

जानेवारी. दूध दीड, दीड, दीड. रोज सारखंच, म्हणून मी म्हटलं, महिन्याचे दिवस गुणिले दीड कर आणि पुढे चल. पण पुढे जाता येईना. कारण दुधाच्या आजूबाजूला आमचं वर्ष होतं. फेब्रुवारीत ‘चिऊ ताप’. मार्चमध्ये बाईंचे सलग सात खाडे, आणि बाबांची टीप, ‘भाचीचे लग्न, पगार कापू नये’. ९ एप्रिलला पाडव्याच्या चौकोनात ‘श्रीखंड १ किलो (कमी पडले)’. मे महिन्यात एका चौकोनात नुसतं ‘आंबा संपला’. आम्ही इतके हसलो की आतून काकूंनी लाइट लावून बघितलं.

मग जूनचं पान.

२९ तारखेच्या चौकोनात बाबांच्या अक्षरात ‘दूध १॥’ आणि खाली ‘रात्री फायनल’. सकाळीच लिहून ठेवलेलं. टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल ती, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका.

त्यानंतर सलग अकरा चौकोन कोरे. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हाचे. दूध येतच होतं, शेजारच्या काकू ते उकळून ठेवत होत्या, पण लिहिणारं कुणी नव्हतं. आणि ११ जुलैपासून माझं अक्षर. गिचमिड. ‘दूध २’.

‘हे अकरा दिवस काय धरायचे?’ मी विचारलं. उत्तर नाही. वर बघितलं तर तो २९ च्या चौकोनावर बोट ठेवून बसला होता.

‘मला तेव्हाच दिसलं होतं,’ तो म्हणाला.

मला कळलंच नाही काय ते.

मॅच संपत आली होती. शेवटच्या ओव्हरमध्ये सोळा हवे होते, पहिल्याच बॉलला सूर्यकुमारने बाउंड्रीवर मिलरचा तो कॅच घेतला. आख्खी सोसायटी ओरडत होती. मी लेकीला झोपवता झोपवता आत झोपून गेले होते. बाबा काहीतरी बोलले. शब्द जड, अर्धवट. हातातला पाण्याचा ग्लास कलला, पाणी लेंग्यावर सांडलं. नवरा म्हणाला, ‘बाबा, झोप आलीय तुम्हाला. चला, पडा.’ त्याने त्यांना धरून खोलीत नेलं. पाय थोडा ओढत होते. त्याने पांघरूण घातलं आणि परत येऊन ट्रॉफी बघितली.

पहाटे सव्वापाचला बाबा चहाला उठले नाहीत म्हणून मी बघायला गेले.

‘डॉक्टरांनी विचारलं होतं, शेवटचे नॉर्मल कधी होते? मी म्हटलं, रात्री झोपताना.’ तो इतक्या हळू बोलत होता की समुद्राच्या आवाजात मला पुढे वाकावं लागलं. ‘साडेअकरा. अधिक साडेचार तास. चार वाजेपर्यंत वेळ होता गं आपल्याला. मी मॅच बघत बसलो.’

गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे आम्हाला हॉस्पिटलमध्ये कळलं होतं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, झोपेतच झालं, आपण काय करणार? सहा महिने मी त्यावर माझी समजूत घातली होती. आणि हा सहा महिने ती बेरीज करत हॉलमध्ये गादी टाकून झोपत होता.

तुम्हाला वाटेल मी त्याला जवळ घेतलं, ‘तुझी काही चूक नाही’ म्हटलं. नाही. मला आधी राग आला. ग्लासचा नाही, कुणालाही झोप आलीय असंच वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. राग आला तो सहा महिन्यांचा. ‘मला का नाही सांगितलंस? मला वाटत होतं, तुला मी नकोशी झालेय,’ मी म्हटलं आणि मग रडायलाच लागले. तो म्हणाला, ‘तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.’ यावर काय बोलणार?

बऱ्याच वेळाने मी पान उलटलं. ऑगस्ट. १४ तारखेच्या चौकोनात मी ‘प्र’ असं लिहून खोडलं होतं. ‘हे काय?’ त्याने विचारलं. आता माझी पाळी होती.

प्र म्हणजे प्रमोशन. त्या दिवशी मला टीम लीडची जागा विचारली होती, महिन्यातून आठवडाभर बंगलोरला जावं लागणार होतं. मी नाही म्हटलं. घरी त्याला सांगितलं, ‘मला स्वतःलाच नको होतं, फार पॉलिटिक्स आहे.’ खोटं. मला ती जागा हवी होती. चार वर्षं हवी होती. नंतर ती माझ्यापेक्षा ज्युनिअर मुलाला मिळाली, आणि रोज सकाळी त्याला ‘कॉँग्रॅट्स’ म्हटल्यासारखा चेहरा करून मी मीटिंगला बसते. आणि त्याचा राग मी कुणावर काढायचे? नवऱ्यावर. न बोलता. भाजीत मीठ कमी आणि उत्तरं एका शब्दात.

‘मी विचारलंच नाही पुन्हा,’ तो म्हणाला.

‘नाही विचारलंस.’

एवढंच झालं. सिनेमात असतं तसं काही झालं नाही, उलट डास चावायला लागले म्हणून आम्ही आत गेलो. पण आत जाऊनही दिवा चालूच ठेवला आणि उरलेली पानं संपवली. २५ जुलैला ‘पाणी!’ असं उद्गारचिन्हासकट लिहिलेलं होतं. त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूला घरांत पाणी शिरलं. आमच्या कोथरूडला काही झालं नव्हतं, पण ब्युरोचे दादा येऊ शकले नाहीत आणि बाबांना आंघोळ घालताना आम्ही दोघं नखशिखांत भिजलो होतो. सप्टेंबरमध्ये गणपतीला बाबा वॉकर धरून चार पावलं चालले होते, त्याचं मी चार रेघांनी खातं मांडलं होतं. सिलिंडरचा हिशेब तर सगळंच सांगून गेला. जूनपर्यंत एक सिलिंडर छत्तीस दिवस. जुलैपासून एकोणतीस. पेज, गरम पाणी, बघायला येणाऱ्यांचा चहा!

आणि ९ डिसेंबर. दुधाच्या जागी एक वेडावाकडा दोन. माझा नाही. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याचाही नाही. लेकीचा म्हणावं तर ती अजून ‘२’ शेपटी लांब काढते, हा कंप पावणारा होता. डाव्या हाताने काढलेला. त्याआधी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. दाराला टांगलेल्या कालनिर्णयापर्यंत बाबा एकटे कधी पोचले, देव जाणे.

दूध एकूण सहाशे साडेबारा लिटर. कोरे अकरा दिवस शेवटी दीडने धरले.

जाता जाता एक काम. हा लेख वाचून आंजर्ल्याला गेलात तर उत्तमच, पण त्याआधी घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट शिकवून ठेवा. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर उचलता येईना किंवा बोलणं जड झालं, या तिन्हींतलं एकही दिसलं तर ‘झोप आली असेल’ म्हणायचं नाही. घड्याळात वेळ बघायची, १०८ ला फोन करायचा आणि ज्या हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन आहे तिथे न्यायचं. आमच्या फ्रिजवर आता हे चिकटवलंय. अक्षर नवऱ्याचं आहे.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. लेक आइस्क्रीम खाऊन घसा बसवून घेतलेली, ताई ‘काही त्रास झाला नाही हं’ म्हणत बॅग भरायला लागलेल्या. नवऱ्याने बूट काढले, बॅगेतून कालनिर्णय काढलं आणि बाबांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

गाडीत येताना त्याने ठरवलं होतं. मी फक्त विचारलं होतं, ‘मी बरोबर येऊ?’ तो नको म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गवार निवडत बसले. अर्धा तास. आतून आवाज नाही. एकदा वाटलं, नाक शिंकरल्याचा आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही. ताईंनी खुणेने विचारलं, ‘काय झालं?’ मी मान हलवली. गवार संपली तेव्हा मी उगीच लसूण सोलायला घेतला.

मग बाबांची हाक आली. ‘सूनबाई!’

आत गेले. नवरा पलंगाच्या कडेला बसला होता, डोळे लाल. बाबांचा डावा हात त्याच्या गुडघ्यावर होता आणि मांडीवर फेब्रुवारीचं पान उघडं होतं. बाबांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, अगदी पूर्वी ऑफिसात ज्युनिअरकडे बघत असतील तसं.

‘एकोणतीस... फेब्रुवारी,’ ते म्हणाले. ‘धरलात?’

लीप वर्ष होतं. आम्ही अठ्ठावीस गुणिले दीड केलं होतं.